साहेबांचा बिनसाखळीचा लॅपटॉप

शेवटची साखळी कापली गेली, तेव्हा कुलूपकाका जिन्याखालच्या आपल्या खोलीच्या दारात उभे होते. टेबलाच्या पायाला लॅपटॉप जखडून ठेवणाऱ्या त्या पोलादी साखळ्या त्यांनी एकोणीस वर्षं जपल्या होत्या. किल्ल्या द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून साहेबांनी कटर मागवला होता.

साहेबांनी खाली येऊन साखळ्यांचं सगळं भेंडोळं काकांच्या हातात ठेवलं आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, पळतात ती गुरं. लॅपटॉप नव्हे. ह्या घरी न्या आणि गोठ्यात लावा."

नकाशे काढणारी ती कचेरी खो खो हसली.

हसणाऱ्यांचा काकांना राग नव्हता. राग होता तो हसवणाऱ्याचा. अनोळखी पत्रासोबत आलेली फाइल उघडू नये आणि पासवर्ड म्हणून स्वतःचंच नाव ठेवू नये, हे ह्याच गृहस्थाला काकांनी हाताला धरून शिकवलं होतं. आता ते साहेब झाले होते. उद्या अकराच्या बैठकीत ते कचेरीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंना सांगणार होते, की काकांची जागाच बंद करा. लॅपटॉप बांधायला आणि व्हायरस झाडायला माणूस कशाला पोसायचा? बाईंनी मान डोलावली, की काका कायमचे घरी.

"सोडून द्या, काका," स्वागताच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या. "पाण्यात राहून माशाशी वैर बरं नाही."

"वैर कोण करतंय? गुरुदक्षिणा तेवढी राहिलीय. ती वसूल करतो."

दुपारी एकला साहेब दार सताड उघडं टाकून जेवायला गेले. काका आत शिरले, टेबलावरचा लॅपटॉप नकाशांच्या दोन पुठ्ठ्यांत घातला, पुठ्ठे काखोटीला मारले आणि निघाले.

"काय नेताय?" ताईंनी विचारलं.

"गुरं," काका म्हणाले आणि जिना उतरले.

बेत साधा होता. उद्या अकरा वाजेपर्यंत लॅपटॉप कपाटात ठेवायचा. बाई नकाशे मागतील, साहेबांपाशी दाखवायला काही नसेल, आणि बिनसाखळीचा लॅपटॉप चोरीला गेला हे चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. संध्याकाळी जिन्यात सापडला म्हणून परत द्यायचा. नाक तर कापायचंच, वर कापल्याबद्दल आभारही मानून घ्यायचे.

कपाटात ठेवण्याआधी काकांनी सहज झाकण उघडलं. कचेरीतलं कुठलंही यंत्र उघडायचा परवाना त्यांच्याकडे होताच. आतला प्रकार पाहून मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हायरस अडवणारी यंत्रणा आठ महिने बंद. अपडेट तुंबलेले. कळफलकाच्या फटींत बिस्किटांचा चुरा.

वैर माणसाशी होतं. यंत्रानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? काकांनी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि तपासणी लावून दिली.

ती चालू असताना ते वर एक चक्कर मारून आले. साहेब टेबलाखाली ओणवे झाले होते.

"काही हरवलं का, साहेब?"

"नाही, नाही. चष्मा शोधतोय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. काका समाधानानं खाली आले.

अकरा व्हायरस निघाले. एकेकाला कान धरून त्यांनी बाहेर काढलं. अपडेट चढवले. दाढीच्या ब्रशनं चुरा झाडला. इतर यंत्रांच्या वेळी करत तसंच, शेवटचा रकाना भरून बटण दाबलं. मग लॅपटॉप कपाटात ठेवून दोन कुलपं लावली आणि दोन्ही ओढून पाहिली.

पाच वाजता साहेब शीळ घालत घरी गेले. उसनं अवसान, काका मनात म्हणाले. उद्या ह्याच तोंडाचा भोंगा होईल.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब मोकळ्या हातांनी उभे राहिले.

"नकाशे कुठायत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"लॅपटॉप चोरीला गेला, बाई. काल दुपारी. माझ्या टेबलावरून."

"बांधलेला नव्हता?"

"साखळी मीच कापली होती."

बाई काकांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी गरीब काय म्हणणार? लॅपटॉपला पाय नसतात हे साहेबांचं खरंच आहे. चोराला असतात, एवढंच."

कचेरी पुन्हा हसली. ह्या खेपेला तोंडं साहेबांकडे होती. काकांनी ते हसू डोळे मिटून ऐकलं.

"मग काकांची जागा बंद करायचा विषयच संपला," बाई म्हणाल्या. "साखळ्या आजच्या आज परत लावा."

"मीही तेच म्हणणार होतो," साहेब म्हणाले. त्यांनी काकांपुढे चक्क हात जोडले. "चुकलो, काका. तुम्ही शिकवलंत आणि मी विसरलो."

काकांना क्षणभर त्यांची दयासुद्धा आली.

"एकच गोष्ट राहिली, बाई," साहेबांनी खिशातून फोन काढला. "चोर फार कामसू निघाला. सव्वातीन वाजता त्यानं माझा लॅपटॉप साफ केला. अकरा व्हायरस काढले, आठ महिन्यांचे अपडेट चढवले. त्याचा अहवाल आपोआप मालकाच्या फोनवर येतो, तसा मला आला. खाली त्यानं शेराही लिहिलाय. तुम्हीच वाचा."

बाईंनी फोन लांब धरला आणि मोठ्यानं वाचलं.

"'मालक गलिच्छ व निष्काळजी. यंत्र साखळीने बांधून ठेवावे. पुढच्या तपासणीला जिन्याखालच्या खोलीत आणून द्यावे.'"