दुसरी शाखा

दहा वर्षं ती ज्या दुकानात ब्लाउज शिवत होती, तिथल्या मालकाने एक दिवस भर गिऱ्हाइकांत बिघडलेला ब्लाउज तिच्या अंगावर फेकला. कापड त्यानेच चुकीचं कापलं होतं. तरी वर म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील!"

महिन्याभरात तिने बरोबर समोरचा गाळा घेऊन स्वतःचं दुकान थाटलं. चार वर्षांत त्याची झाडून सगळी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिच्याकडे आली. त्याने दुकानाला कायमचं कुलूप लावलं, त्या दिवशी ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिचं मशीनवर मनच लागेना. "विकून टाकू या दुकान," ती नवऱ्याला म्हणाली. "आता कशातच राम वाटत नाही."

"अगं, एवढा चांगला जम बसलाय!" नवरा आठवडाभर समजावत राहिला, पण ती ढिम्म.

आठव्या दिवशी तो बाहेरून आला आणि सहज बोलून गेला, "तुझ्या जुन्या मालकाने बसस्टँडजवळ नवं दुकान काढलंय म्हणे."

ती ताडकन उठली आणि चपला शोधू लागली.



"अहो, त्याच्या समोरचा गाळा रिकामा आहे का?"