टिकलीची चिरचिर

नंदनने गिटारच्या अ‍ॅम्पचे आवाज काढणारं तिसरं सॉफ्टवेअर लावून गिटारची जाड तार छेडली आणि त्याच्या बहिणीने, वैजयंतीने, चहाचा कप खाली आपटला. आधीच्या दोन सॉफ्टवेअरमधले अ‍ॅम्प गुळगुळीत वाजले होते. यात मात्र तारेमागून बारीक चिरचिर येत होती.

“ही माझ्या टिकलीची चिरचिर आहे,” ती म्हणाली.

तिच्या अ‍ॅम्पचा स्पीकर ऑर्केस्ट्राच्या दौऱ्यात फाटला, तेव्हा भोकावर तिने कपाळावरची टिकली चिकटवली होती. तिची एक कड सुटली आणि अ‍ॅम्प वीस वर्षं कार्यक्रमांत आणि रेकॉर्डिंगमध्ये तसाच वाजला.

“ताई, कंपनी म्हणते, हा आवाज आमच्या यंत्राने स्वतः घडवलाय.”

“यंत्र टिकली लावतं का? माईक लाव.”

तिने स्वतःच्या अ‍ॅम्पवर तीच तार छेडली. सॉफ्टवेअरने रेकॉर्डिंग मध्येच बंद केलं. पडद्यावर सूचना आली: ‘हा आवाज नोंदणीकृत आहे. आपला अ‍ॅम्प त्याची नक्कल करत आहे.’

वैजयंतीने अ‍ॅम्पची जाळी उचकटली आणि टिकली नखाने ओरबाडून काढली. फाटका स्पीकर घरभर खरखरला. हा आवाज कुणाच्याच नावावर नव्हता, त्यामुळे नंदनने पुन्हा सुरू केलेलं रेकॉर्डिंग या वेळी चालू राहिलं.

“हाही चोरतील,” नंदन म्हणाला.

“चोरू देत. मी आणखी फाडीन.”