रक्ताची साक्ष

खोटं बोलून म्हाताऱ्या मेंढपाळाला मिळणार होतं एवढंच: बायको गेल्यापासून मुक्या झालेल्या घरात आठवड्यातून एकदा माणसाचा आवाज. बुरसट चाऱ्याने तीन मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं पडली; साथीचा रोग असेल म्हणून जनावरांची सरकारी डॉक्टरीण रक्त तपासायला आली. “आजोबा, कळपाला गाभडण्यावरची लस टोचलीय?” टोचली होती. पण लशीने आणि रोगाने रक्तात सारखीच प्रतिपिंडं तयार होतात. ‘हो’ म्हटलं असतं तर तपासणीच निरर्थक. ती पुन्हा फिरकली नसती. “छे,” तो म्हणाला. मग ती दर आठवड्याला येऊन नळ्या भरायची, “मेंढ्यांपेक्षा तुमचीच बडबड जास्त” म्हणून चिडवायची. पाचव्या खेपेला तिच्यामागे ट्रक होता. “संसर्ग पक्का ठरला. सगळा कळप मारावा लागेल.” “पोरी, लस दिली होती गं.” “आजोबा, जीव तुटतो म्हणून खोटं बोलताय.” किंमत मोजली चाळीस निरोगी मेंढ्यांनी, उरलेली किंमत तो एकटा मोजतोय.