भीमेवरचा पूल

"लग्नापासून टाकलेली माझी प्रत्येक पोस्ट जगभरच्या हजार कॉम्प्युटरवर आपोआप साठायलीय. कुणालाच पुसता येत न्हाई, मलाबी न्हाई!" भीमेपलीकडच्या गावातल्या किरणकुमारने ऐटीत मोबाईल बायकोच्या हातात दिला.

शैलश्रीने हौसेने लेकीच्या जन्माची तारीख शोधली. त्या दिवशी माहेरी, सोलापूरच्या दवाखान्यात कळा सोसताना तिचा जीव दाराकडे लागला होता, आणि "भीमेचा पूल बुडालाय गं, येऊ कसा?" म्हणून तो फोनवर हुंदके देत होता.

त्या तारखेला एकच फोटो निघाला. त्याच पुलाच्या कोरड्या कठड्यावर चार मित्रांसोबत भजी खात, खदखदून हसणारा किरणकुमार.



"आँ? ही तर मी तवाच डिलीट केलतो की!"