लाल रेघ

फवारणीच्या विमानाच्या इंजिनात मागचे दोन नट इतके आत होते, की तिथं पाना पोचतच नव्हता. गुरुसिद्धप्पा मेकॅनिकनं गिरणीतल्या जुन्या पान्याचं तोंड कापून, जोर मोजणाऱ्या काट्याच्या पान्याला पुढं जोडून तो वीतभर लांब केला, काटा पुस्तकातल्या आकड्यावर आणून नट आवळले, आणि ते सैल झाले तर कळावं म्हणून वर लाल रंगाची रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी विमान वळसंगच्या रानात कोसळलं. पायलट जागीच गेला. आज चौकशीच्या साहेबांनी हँगरमध्ये मोडकं इंजिन उघडलं. "रेघ हललेली नाही. नट सैल नव्हता, बोल्ट तुटलाय. कारखान्यातूनच कच्चा आला असणार. तुमचा दोष नाही," ते म्हणाले. गुरुसिद्धप्पाला रडू आलं. सुटल्यासारखं होऊन त्यानं आपला पाना उचलला, आणि ती जोडलेली वीत त्याच्या नजरेत भरली. पाना लांबला की जोर वाढतो, हे गिरणीत पहिल्याच महिन्यात शिकला होता तो. काटा ती वाढ दाखवत नाही; त्यावरचा आकडा तेवढा कमी धरायला हवा होता. बोल्ट कच्चा नव्हता. त्यानंच तो तुटायच्या बेतात आणून ठेवला होता. "साहेब, थांबा की. कागद लिहू नगा," तो म्हणाला. तेवढ्यात हँगरच्या दाराशी उभी असलेली पायलटची बायको पुढं आली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "अण्णा, लोक काहीबाही बोलत होते. मी सगळ्यांना सांगितलं, हे नेहमी म्हणायचे, गुरुसिद्धप्पा एक आटा जास्तच आवळेल, कमी नाही."