आधी काही बंद करायचं असतं का?

"सुरू करण्याआधी काही बंद करायचं असतं का?" पडद्यावर प्रश्न उमटला.

प्रोग्रामरने कीबोर्डवरचे हात उचलले. पठ्ठ्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

पठ्ठ्या म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस. परदेशी कंपनीने स्वस्तात पुरवलेला. नाव नाही, चेहरा नाही, नुसता क्रमांक आणि टाइप केलेली वाक्यं. काम कुठल्या कंपनीचं आहे, हे त्यालाही सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेला बिलांचा प्रोग्राम त्याला शिकवायचा आणि आपण घरी बसायचं. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही हसतमुखाने!

बिलं काढण्याआधी जुनी सेवा थांबवावी लागे, नाहीतर प्रत्येकाला दोन-दोन बिलं जात. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त त्याच्या डोक्यात होतं.

"मुलीला शाळेतून आणायचंय," पठ्ठ्याने लिहिलं. "मग चाचणी घेऊ. तेवढं सांगून ठेवा."

लेक प्रोग्रामरलाही होती. घरी त्याने चकार शब्द काढला नव्हता. ऑफिस उंबऱ्याबाहेर, हा त्याचा नियमच. बायको बिचारी दार लावून कसलासा ऑनलाइन कोर्स करत होती. तिच्या जिवाला घोर कशाला?

"काही नाही," त्याने लिहिलं. "सरळ सुरू करा."

चाचणी झाली. पडद्यावर दुप्पट बिलांचा ढीग पडला. साहेब तावातावाने आले.

"स्वस्त बघायला गेलो आणि फसलो! त्या माणसाला आजच काढायला सांगितलंय. तुम्ही आता कुठे जाऊ नका."

"नाही जात," तो चेहरा शक्य तितका पाडून म्हणाला.

लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेने घर चालत नाही. येताना त्याने लेकीसाठी केक घेतला.

बायको मिटलेल्या लॅपटॉपसमोर बसली होती. डोळे सुजलेले.

"काय झालं गं?"

"कोर्स नव्हता रे तो. तुझी झोप उडालेली दिसत होती. म्हटलं, आपलाही हातभार लागावा. इतक्या वर्षांनी पुन्हा कोडचं काम मिळालं होतं, परदेशी कंपनीत. पहिला पगार झाला की सांगणार होते. आज काढलं."

तो केकचा खोका धरून तसाच उभा राहिला.

"मी विचारलं होतं त्या माणसाला. दोनदा विचारलं, आधी काही बंद करायचं असतं का? तर म्हणे, काही नाही, सरळ सुरू करा."