भिंतीचे डोळे

टारस सतराव्या वर्षीच साडेसहा फूट झाला होता. गोलपुढे उभा राहिला की मागचं जाळं दिसेनासं व्हायचं. कॅनडात, सस्कॅचवानमधल्या त्या गावात आइस हॉकी म्हणजे जीव की प्राण, आणि सगळं गाव त्याला ‘भिंत’ म्हणायचं. बर्फावरून सरकणारी, चेंडूऐवजी असलेली ती रबरी चकती जवळ आली की तो स्टिकने आधी डावा खांब ठोकायचा, मग उजवा. गावातली चिल्लीपिल्ली त्याची नक्कल करायची.

त्या दिवशी सामन्याच्या दुसऱ्या मध्यंतरात त्यानं जेरोमला न्हाणीघरात ओढलं. जेरोम राखीव गोलकीपर. उंचीनं त्याच्या छातीला लागणारा.

“माझ्या जागी तू उतर. माझा पाय मुरगळलाय म्हणून सांग.”

“वेडा झालास का? वरच्या लीगची माणसं तुला बघायला आलीत. एक गोल खाल्ला नाहीस अजून!”

“अरे, मला चकती दिसतच नाही! समोरच्यानं स्टिक उगारली की भीतीनं डोळेच मिटतात माझे. जाळं कुठंय ते आधी चाचपून ठेवावं, म्हणून खांब ठोकतो.” टारसनं आपलं हेल्मेट त्याच्यापुढे धरलं. “वरच्या लीगमध्ये तर चकती गोळीसारखी येते. मरेन रे मी. खरा गोलकीपर तूच आहेस. कोचना सगळं सांगून टाक, पाया पडतो.”

जेरोम खाली मान घालून बुटांची नाडी आवळत राहिला.

“मला कधीच कळलं होतं. नाताळातच कोचना सांगितलं होतं.”

“मग?”

“हसले. म्हणाले, त्याचे डोळे मिटले तरी जाळं झाकलेलंच राहतं ना?”